बुडत्या उमेदवाराचा जोडीदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांवरच्या आपल्या रविवारच्या लेखातलं एक विधान खटकलं. हार समोर दिसू लागली की उमेदवार उपाध्यक्षपदासाठी एखादं चमकदार नाव पुढे करतो आणि तो निव्वळ जुगार असतो, असं लेखकाचं म्हणणं. जुगार असतो, कबूल. पण पत्ते बघून खेळलेला डाव आणि न बघता खेळलेला डाव यांत फरक आहे, तो लेखात कुठेच दिसला नाही.

१९७२ सालचंच घ्या. अध्यक्ष निक्सन यांच्यापुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांची बाजू आधीच पडती. मायामी बीचच्या पक्ष-अधिवेशनात उमेदवारी मिळवण्यातच त्यांची दमछाक झाली आणि जोडीदार ठरवायला उरले जेमतेम काही तास. एडवर्ड केनेडी नाही म्हणाले, वॉल्टर मॉन्डेल नाही म्हणाले, आणखी एकदोघांनी हात वर केले. शेवटी फोन गेला मिझुरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांना. पूर्वायुष्यात काही अडचणीचं आहे का, असं विचारलं, ते नाही म्हणाले, विषय संपला. नैराश्यासाठी ते तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि त्यांनी विजेच्या झटक्यांचे उपचार घेतले होते, हे पुढच्या काही दिवसांतच बाहेर आलं. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, मी एक हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. मग अठराएक दिवसांतच ईगलटन बाहेर. पन्नास राज्यांपैकी मॅकगव्हर्न यांच्या पदरी पडलं एकटं मॅसॅच्युसेट्स, शिवाय राजधानी वॉशिंग्टन. आजारपण हा काही गुन्हा नव्हे, पण ज्याला उद्या देश चालवायचा आहे त्याने सोबतचा माणूस फोनवर ठरवला, हे मतदाराला दिसलंच.

(आमच्या गावच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत एका पॅनेलने अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी असंच एक नाव घुसवलं होतं. छाननीत कळलं, गृहस्थ संस्थेचेच थकबाकीदार.)

आता त्याच मॉन्डेल यांची गोष्ट बघा. १९८४ मध्ये रेगन यांच्यासमोर ते स्वतः उभे राहिले, तेव्हा जिंकण्याची आशा फारशी कुणालाच नव्हती. पण मिनेसोटातल्या आपल्या घरी त्यांनी एकेकाला बोलावून मुलाखती घेतल्या: लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली, सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौर डायन फाइनस्टाइन, टेक्ससचे सिनेटर लॉईड बेन्ट्सन आणि इतर काही. अधिवेशनाच्या आधीच, १२ जुलैला सेंट पॉल इथे नाव जाहीर झालं न्यूयॉर्कच्या काँग्रेस-सदस्य जेराल्डिन फेरारो यांचं. मोठ्या पक्षाच्या तिकिटावरची पहिली स्त्री. तरी नवऱ्याच्या व्यवसायाचे हिशोब नीट तपासायचे राहूनच गेले आणि ऑगस्टमध्ये फेरारोंना जवळपास दोन तास पत्रकारांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं. त्या डगमगल्या नाहीत. ऑक्टोबरात तेव्हाचे उपाध्यक्ष थोरल्या बुश यांच्याशी झालेल्या वादविवादातही उण्या पडल्या नाहीत. निकाल मात्र तोच: ४९ राज्यं रेगनकडे, आणि मॉन्डेल यांना स्वतःचं मिनेसोटाही फक्त पावणेचार हजारांच्या आसपास मतांनी राखता आलं. स्त्रियांच्या मतांतसुद्धा रेगनच पुढे होते. हे खापर फेरारोंवर फोडणं अन्याय आहे. अर्थव्यवस्था सुधारत असताना जोडीदार कुणीही असता, तरी रेगन पडले नसते.

त्यानंतर एखाद्या मोठ्या पक्षाने स्त्रीला तिकिटावर घेतलं ते थेट २४ वर्षांनी. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्या मनात खरं तर सिनेटर जो लिबरमन होते, पण लिबरमन त्याच्या आठ वर्षं आधी विरोधी पक्षाच्याच तिकिटावर उपाध्यक्षपदासाठी लढलेले. पक्षाला ते पचलं नसतं. मग २९ ऑगस्ट २००८ ला, ओबामांच्या डेन्व्हरच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, सारा पेलिन. अलास्काच्या राज्यपालपदाची दोन वर्षंही पुरी झालेली नव्हती आणि मॅकेन यांची त्यांच्याशी ओळख म्हणाल तर नावापुरती. पेलिन यांचं अधिवेशनातलं भाषण असं गाजलं की काही दिवस मॅकेन जनमत पाहण्यांत पुढेही गेले. (ते भाषणही सेंट पॉललाच, योगायोग.) मग दूरचित्रवाणीच्या मुलाखतीत पेलिन यांना विचारलं गेलं, आपण कोणती वर्तमानपत्रं वाचता? एकही नाव सांगता आलं नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलेल्या माणसाने हे कसं विसरावं? सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली आणि उरलीसुरली आशाही गेली. लिबरमन यांना न घेतल्याची खंत मॅकेन यांनी पुढे स्वतःच बोलून दाखवली.

जोडीदार आपलं राज्य आणून देतो, हा लेखातला दुसरा मुद्दा अर्धाच खरा. १९६० मध्ये टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांच्यामुळे जॉन केनेडींना टेक्सस मिळालं असं मानतात. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांनी त्याच टेक्ससचे बेन्ट्सन घेतले, तर टेक्सस गेलं प्रतिस्पर्धी थोरल्या बुश यांच्याकडे. अर्थात तिथे बुशही टेक्ससचेच म्हणवत होते.

एक विनंती. पुढच्या खेपेला असं नाव जाहीर होईल तेव्हा तो माणूस कुठल्या राज्याचा आणि कुठल्या समाजाचा, याच्या आधी त्याला विचारायला आणि तपासायला किती दिवस लागले, ते आपल्या बातमीत वाचायला मिळावं.

आपला,
एक जुना वाचक, सातारा