चढाचे चिन्ह

गावभाग, सांगली

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर पाठवलेले वहीचे पान मी दोनदा तपासले. दोन बिंदूंवरून सरळ रेषेचे समीकरण काढण्याची रीत तुला पाठ आहे. घोटाळा झाला आहे तो चढ, म्हणजे दोन बिंदूंच्या य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, काढताना. अंशात दुसऱ्यातून पहिला वजा केलास आणि छेदात पहिल्यातून दुसरा, त्यामुळे आकडे बरोबर येऊनही चिन्ह उलटले.

याने काय होते ते कृष्णेच्या पाण्यावर पाहू. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी फुटांत सांगतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. क्ष म्हणजे सकाळी ६ नंतर गेलेले तास आणि य म्हणजे पातळीचे फूट. समज, ८ वाजता पाणी ३१ फुटांवर होते आणि दुपारी १२ वाजता ३३ फुटांवर. म्हणजे बिंदू झाले (२, ३१) आणि (६, ३३). चढ (३३ − ३१) ÷ (६ − २), म्हणजे १/२; पाणी तासाला अर्धा फूट वाढते आहे. पहिला बिंदू घेऊन य − ३१ = १/२ (क्ष − २) असे मांडले की य = क्ष/२ + ३० मिळते, आणि त्यातला ३० म्हणजे सकाळी ६ ची पातळी, जी आपल्याला कोणी सांगितलीच नव्हती. मला या प्रकरणात सर्वांत आवडते ते हेच. इशारा पातळी ४० फूट आहे; ती य च्या जागी ठेवलीस तर क्ष = २० येतो, म्हणजे रात्रीचे २.

तुझ्या रीतीने चढ −१/२ धरला, तर य = −क्ष/२ + ३२ होते आणि पूर चढत असताना कागदावरची नदी ओसरू लागते. क्ष = २ ठेवून ३१ आले म्हणून समाधान मानू नकोस; ज्या बिंदूवरून समीकरण मांडले तो त्यात बसणारच. ताळा दुसऱ्या बिंदूने घ्यावा. क्ष = ६ ठेव, ३३ ऐवजी २९ येतात.

दोन्ही क्ष सारखे असतील तर छेद शून्य होतो; त्या उभ्या रेषेला चढ सांगता येत नाही, तिथे क्ष = तो आकडा, एवढेच लिहावे.

खरी नदी मात्र सरळ रेषेत चढत नाही, कोयनेतून विसर्ग वाढला की चढ बदलतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा मी आधीच्या दोन नोंदींवरून हिशेब करत बसलो आणि धान्याची पोती माळ्यावर चढवायची राहिली. तुझी आई ते अजून ऐकवते.

उरलेली तीन उदाहरणे सोडवून रविवारपर्यंत पाठव. ताळा समासात लिही.

तुझे बाबा