घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलंय, चालू करायच्या आधी हे वाचा

आई, बाबा,

दादाकडून सांगलीला पोचाल तेव्हा कॉम्प्युटर वेगळा दिसेल, घाबरू नका, बिघडलेला नाहीये. विंडोजच्या जागी मी लिनक्स मिंट टाकलंय, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी, फुकट मिळणारी सिस्टिम. टाकून झालंय, त्यामुळे विचारत नाहीये, सांगतेय. फोनवर सांगितलं असतं तर बाबांचा आवाज चढला असता, मग माझा, आणि आई मधल्या मधे, म्हणून लिहितेय.

बाबा, विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. थोडे दिवस वाढवून मिळतात, पण ते संपले की परत तेच. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो आणि आपला आहे सातव्या. म्हणजे चांगला चालणारा पीसी बाजूला टाका आणि नवा घ्या. माझ्या बारावीनंतर तुम्ही हा कशातून घेतलात ते मला माहितीय, तो भंगारवाल्याकडे गेलेला मला बघवणार नाही. आणि अपडेट नसलेल्या मशीनवर तुम्ही पेन्शनचं खातं उघडत बसलात तर मला इथे बंगलोरात झोप लागणार नाही.

फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार, असं तुम्ही म्हणणारच. गोम नाही बाबा. लिनक्स १९९१ पासून आहे, त्याचा कोड कुणीही उघडून बघू शकतो, आणि जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावरच चालतात. तरी मनाला पटलं नाही तर जुनी विंडोज दुसऱ्या डिस्कवर तशीच ठेवलीय, पुसलेली नाही. फक्त ती लावून नेटवर जाऊ नका.

आता आपला रविवारचा गेम, एज ऑफ एम्पायर्स. तो चालतो! गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम तेच, तुमचं अकाउंट तेच. गेम विंडोजसाठी बनलाय, पण स्टीमवाल्या वॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन काढलं, ते वाइनवर, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, उभं आहे. गेम विंडोजकडे जे जे मागतो ते प्रोटॉन लिनक्सकडून मिळवून देतं आणि डायरेक्टएक्सचं (विंडोजची चित्र काढायची पद्धत) ग्राफिक्स वल्कनमध्ये (लिनक्सवर चालणारी पद्धत) बदलतं, दुभाष्यासारखं. स्टीम डेक, वॉल्व्हचा हातात धरून खेळायचा पीसी, पण असाच चालतो. पहिल्यांदा उघडताना शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार करत थोडा वेळ लागेल, मधेच पॉवरचं बटण दाबायचं नाही. शिवाय झीरो ए.डी. हा गेम पण टाकलाय, तो मुळातच ओपन सोर्स, म्हणजे कोड खुला असलेला, आहे आणि त्यात मौर्य आहेत, हत्तींसकट, तुम्हाला आवडेलच. छोटूचा व्हॅलोरंट मात्र चालणार नाही, त्याचं अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात, बसतं, त्याला नीट समजावून सांगा, रडवू नका.

मला अजून आठवतं, जुन्या डब्यावर तुमच्या मांडीवर बसून मी नुसती शेतं लावायचे आणि लढाया तुम्ही करायचात, माझं एक मेंढरू मेलं तरी तुम्ही पूर्ण सैन्य पाठवायचात. ते सगळं आपण अजून खेळतोय, ते मी बंद पडू देणार नाही.

आई, तुझं काही हललेलं नाही. क्रोम खालच्या पट्टीवरच आहे, यूट्यूब तसंच, भजनी मंडळाच्या फाइली डेस्कटॉपवर, लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखंच असतं) उघडतात, मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्डच लावलाय. अक्षरं मोठी केलीत आणि प्रिंटर पण चालतो, तुझ्या हरिपाठाचं एक पान काढून बघितलं. तो क्रोशाचा रुमाल मात्र सीपीयूवर टाकू नकोस गं, हवा कोंडते.

आणि ऐका दोघं. काही अडलं तर चौकातल्या मुलाला बोलवायचं नाही, तो फॉरमॅट मारेल, मला फोन करा, मी इथून स्क्रीन बघू शकते. कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या. खालच्या कोपऱ्यात ढालीचं चिन्ह दिसलं की अपडेट करा, पासवर्ड आईच्या डायरीत मागच्या पानावर आहे, बाबा तो मॉनिटरवर चिकटवू नका. काही उलटंसुलटं झालंच तर टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रामने सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते, त्यामुळे दाबून बघायला भिऊ नका, तुमच्या हातून काही मोडणार नाहीये. बाबा, अर्ध्या तासाने उठून फिरायचं, डोळ्यात थेंब घालायचे, ऑपरेशन होऊन गेलं म्हणून सोडायचे नाहीत. शुगरचा रिपोर्ट अजून पाठवला नाहीये तुम्ही.

रविवारी रात्री नऊला मी ऑनलाइन असेन, आधी जेवून घ्या.

तुमची मनू