रिक्षावाले भिया आणि रात्रपाळीच्या सिस्टर

इंदूरच्या पलासिया चौकात माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून तोंडावर पडला. खालचा जबडा दोन जागी मोडला, पुढचा एक दात मुळासकट बाहेर. एका रिक्षावाल्या भियांनी रक्त घशात उतरू नये म्हणून त्याला कुशीवर धरलं, वाटेत दुधाची पिशवी घेतली आणि दात त्यात टाकला. हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे. तो दात आज जागेवर आहे. भाडं घेतलं नाही, नावही सांगितलं नाही.

ऑपरेशनमध्ये टायटेनियमच्या पट्ट्या बसवल्या, वरचे-खालचे दात वायरने बांधले. उलटी झाली तर वायर लगेच कापावी लागते, म्हणून उशाशी कटर टांगलेला. माझे तर हातच थरथरायचे. रात्रपाळीच्या सिस्टरनी उरलेली वायर पेनाला गुंडाळली आणि हात स्थिर होईपर्यंत मला ती पुन्हा पुन्हा कापायला लावली. घरचं वरण गाळून सिरिंजने कसं भरवायचं, तेही त्यांनीच दाखवलं.

कटर एकदाही लागला नाही. काल त्याने मऊ पोहे खाल्ले, शेवेशिवाय. इंदूरच्या माणसाला ही शिक्षाच!

भिया, सिस्टर, मनापासून आभार. रामबागेत आमच्याकडे जेवायला नक्की या.