बार्बाडोसच्या तयारीचं पत्र

टोरांटो, १८ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस सा. न.

जानेवारीत थंडी चुकवायला बार्बाडोसला जायचं, तर आधी कागद बघू. बाबा, पासपोर्टातल्या कॅनडाच्या व्हिसावर ‘मल्टिपल’ आहे ना, ते भिंग लावून वाचा. एकाच प्रवेशाचा असेल तर बेटावरून परत इथं येता येणार नाही. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता छापून हाताशी ठेवा. विमान थेटच घेऊ, पाच-साडेपाच तासांचं. मायामीमार्गे स्वस्त पडतं, पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही आपल्याला व्हिसा लागतो.

त्रिनिदाद मी मुद्दाम टाळलं. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर पीतज्वराच्या लसीचं कार्ड मागतात, नसलं तर वेगळं ठेवतात. तुमचं मुंबईचं विमान चौथ्याच दिवशी आहे.

निघताना आत सुती कपडे, वर कोट. टोपी आणि हातमोजे कोटाच्या बाहीत कोंबायचे आणि कोट केबिनच्या बॅगेत. तो गाडीत ठेवून जायचा मोह होतो, पण परतताना पार्किंगपर्यंतच चालायचं असतं उणे दहात. बीपीच्या गोळ्याही याच बॅगेत. आईची प्रवासी किटली मात्र राहू दे. ती २३० व्होल्टची, तिथं वीज ११५. चौथाई ताकदीवर चहा व्हायला दुपार होईल.

बेट साधारण चेन्नईच्या अक्षांशावर आहे. जानेवारी कोरड्या ऋतूतला. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. दिवसा २८-२९ अंश, रात्री २३. पूर्वेकडून सतत वारा असतो, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही आणि संध्याकाळी खांदे लाल. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. कानाच्या पाळ्या, पावलांची वरची बाजू आणि (बाबा, रागावू नका) टक्कल विसरायचं नाही. डेंग्यूचा डास दिवसाच चावतो, म्हणून ओडोमॉस सकाळपासून.

पाण्यात उतरायचं ते पश्चिमेला किंवा ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेमध्ये. पूर्वेचं बाथशेबा नुसतं बघायचं. तिथं अटलांटिक सरळ अंगावर येतो आणि ओढही फार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येणारं. त्याचा चीक बिब्ब्यासारखा उततो, डोळ्यात गेला तर फारच वाईट. बुंध्यावर बरेचदा लाल पट्टा रंगवतात, पण प्रत्येकावर असेलच असं नाही. पाऊस आला म्हणून त्याच्याखाली उभं राहू नका; पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातही चीक येतो. फळ गोड वासाचं, म्हणून चिंटूवर लक्ष हवं. त्याची लष्करी छापाची चड्डीही नको. तिथं तसे कपडे घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनाही.

पैशांचा हिशेब सोपा: एक अमेरिकन डॉलर म्हणजे दोन बार्बाडोस डॉलर. सरकारी बस निळी, भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, आणि सुटे परत देत नाहीत. थांब्यावर ‘टू सिटी’ लिहिलेलं असलं की ब्रिजटाउनकडे, ‘आउट ऑफ सिटी’ म्हणजे उलट. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, त्यामुळे रस्ता ओलांडताना कॅनडाची सवय विसरायची. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

आईच्या जेवणाचं: बटाटा-चण्याची रोटी मिळते. भात आणि ‘पीज’ दिसेल, ते वाटाणे नव्हेत, बहुधा तूर असते. पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका. बाबांना शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला भाजलेला मासा. कूकू मात्र दोघांनीही खा: मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेलं असतं, बुळबुळीत लागतं, गरम असतानाच संपवायचं.

व्हिसाच्या पानाचा फोटो आज रात्रीच पाठवा, मग तिकिटं काढते.

तुमची,
सुमी