जाहिरात असेल तर तसे छापा

महोदय,

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील काही वृत्तपत्रांनी पैसे घेऊन उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापल्याचे प्रकरण गाजले. पण याची चौकशी करणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या (वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) उपसमितीचा, वृत्तपत्रांची नावे असलेला मूळ अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये प्रसिद्धच केला नाही आणि तो खुला व्हायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला.

सोलापुरात आजही महापालिका निवडणुकीत एकाच पदयात्रेचे वर्णन दोन दैनिकांत शब्दशः सारखे, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह वाचायला मिळते (वार्ताहर मात्र वेगळे!), आणि काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याची तक्रार आतल्या पानाच्या कोपऱ्यात जाते. अशा मजकुरावर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ असे छापावे, म्हणजे तो खर्च उमेदवाराच्या हिशेबातही धरता येईल.

— एक वाचक, सोलापूर