आद्र्याहून पत्र

आद्रा, १८ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, माझी बदली झाली तेव्हा नकाशावर बोट फिरवत तुम्ही 'आसनसोलच्या खाली कुठंतरी' एवढंच म्हणाला होतात. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं नागपूरहून रूळ पूर्वेला नेले, ते आधी या आसनसोललाच भिडले आणि पश्चिम बंगालमधलं हे आद्रा त्याच वाटेवर. तुमचं नागपूरचं मोतीबाग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होतं, आद्रा अजून आहे. तुमच्या जुन्या कागदांवरचं 'गार्डन रीच', म्हणजे कोलकात्याचं मुख्यालय, आता माझ्या कागदांवर असतं.

गाव लहानच. खडगपूर, गोमो, आसनसोल, टाटानगर अशा चार दिशांना गाड्या फुटतात, कोळशाचे रेक रात्रभर धडधडतात. पहिले आठ दिवस झोप नव्हती, आता आवाज थांबला की जाग येते.

आई, हे खास तुझ्यासाठी. इथं भाद्र महिनाभर बायका-मुली संध्याकाळी भादूची गाणी म्हणतात. भादू ही जवळच्याच काशीपूरच्या राजाची मुलगी, लग्नाआधीच गेली म्हणतात. परवा रात्री शेजारच्या काकीमांकडे जागरणाला गेले होते. मातीची मूर्ती, झेंडूच्या माळा, थाळीएवढी जिलबी. निम्मे शब्द कळले नाहीत, पण फेर धरल्यावर मला आपला गुलमोहराखालचा ओटाच दिसायला लागला. काल सकाळी बांधावर (इथं तलावाला बांध म्हणतात) मूर्ती सोडली तेव्हा काकीमा खरंच रडल्या. दुपारी तिकडे शेडमध्ये विश्वकर्मा पूजेचे लाऊडस्पीकर दणाणत होते, ते वेगळंच.

मी त्यांना भुलाबाईबद्दल सांगितलं. आपली माहेरी येते, यांची सासरी गेलीच नाही. झालं, आता कोजागिरीला मी गाणी म्हणायची असं ठरलंय! मला पहिल्या दोन कडव्यांपुढे काही आठवत नाही. फोनवर सांगू नकोस, तू घाईत ओळी गाळतेस. वहीत लिहून पाठव, बाबांकडून शुद्धलेखन तपासून न घेता.

पौषात इथं टुसूचा सण असतो, तेव्हा दोघं या. टाटानगरला उतरा, मी तिथं घ्यायला येते. बाबा, खालचा बर्थ मिळाला नाही तर आधी मला सांगा, परस्पर तिकीट रद्द करू नका.

आणि आई, खिरापत काय करायची तेही त्या वहीतच लिही. इथल्या कुणालाही ओळखता येणार नाही असं काहीतरी.

तुमची,
माई