अण्णा, तुमच्या मांगरातल्या कोरड्या लाकडांसाठी

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

बाबांचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. तुमचे पैसे दादाने बाबा गेले तेव्हाच चुकते केले होते, पण आभार मानायचे राहिले होते. हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. मालवणात तुमचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान ठाऊक नाही असं घर नसेल, पण त्या दुकानामागची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ती कळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

श्रावणातला तो पाऊस तुम्हाला आठवत असेल. बाबा पहाटे गेले, दादा मस्कतला. तो गोव्यात मोपा विमानतळावर उतरून घरी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार होता आणि वाडीतली वीज आदल्या रात्रीपासून गेलेली. तुम्ही शीतपेटीबरोबर जनरेटरही टेम्पोत घालून आलात, आम्ही मागितला नसताना. पैशांचं विचारलं तर म्हणालात, "पैसे खय पळान जातत? आधी मास्तरांका नीट पोचवया."

त्या रात्री ओटीवर तुम्ही आमच्यासोबत जागलात. जनरेटरमध्ये डिझेल घालायला उठायचात आणि परत येऊन बसायचात. मीच विचारलं, की हा धंदा तुमच्याकडे आला कसा? आणि तुम्ही आजोबांपासून सांगायला सुरुवात केलीत.

तुमच्या आजोबांची बंदरावर लाकडाची वखार होती. आंबा, ऐन, किंजळ. गलबतांना लागणारं लाकूड वेगळं, घरांच्या वाशांचं वेगळं. तेव्हा आपला जिल्हा रत्नागिरीच होता, रेल्वेचं तर नावच नको. मुंबईला जायचं ते आगबोटीने, आणि पावसाळ्यात आगबोट बंद. आषाढात गावात कुणी गेलं तर मुंबईच्या मुलाला तार जायची, त्याला यायला मिळेलच असं नाही. ती तार करायचं कामही पुष्कळदा तुमच्या आजोबांवरच यायचं, कारण लाकडासाठी माणसं पहिली त्यांच्याकडे धावत.

त्यांची स्वतःची आई अशाच मुसळधार पावसात गेली. वखारीत लाकूड रगड होतं, पण सगळं भिजलेलं. सरण पेटेना. पुन्हा रचलं, पुन्हा विझलं. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या आईला कोरडं लाकूड मिळालं नाही, हे त्यांना फार लागलं. पुढच्या शिमग्यानंतर त्यांनी मांगराचा, म्हणजे लाकूड-गवत ठेवायच्या खोपटाचा, अर्धा भाग रिकामा केला, खाली चिरे मांडले आणि त्यावर फोडलेला आंबा रचला. त्या ढिगाला हात लावायचा नाही, बेकरीवाला दुप्पट पैसे घेऊन आला तरी नाही. मिरग लागायच्या आत तो ढीग छपरापर्यंत गेलाच पाहिजे. तुमच्या घरात त्याला अजून 'मयतीचो वाटो' म्हणतात. पुढे वखार गेली, बंदरावरचा धंदा बसला, पण तो वाटा काही मोडला नाही.

वखारीतला सुतार ख्रिस्ती घरांसाठी शवपेटी करायचा, मुसलमानांच्या कबरीत आडव्या लावायच्या फळ्याही तिथूनच जायच्या. हे ऐकताना मला फार बरं वाटलं, अण्णा. जातीजातीची स्मशानं वेगळी, वाडीवाडीच्या वाटा वेगळ्या, पण लाकूड सगळ्यांना एकाच मांगरातून.

तुमचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्या वर्षी कित्येक कोकणी घरांसारखं तुमचंही बिऱ्हाड गावी परतलं. त्यांनी बाजारात छोटं दुकान घातलं. पुढच्या बाजूला बांबू, काथ्या, चटया, आणि आतल्या बाजूला मांजरपाट, मडकी, राळ, कापूर, गोवऱ्या. तोवर मर्तिकाचं सामान चार ठिकाणांहून गोळा करावं लागे. ते एका जागी मिळू लागलं, रात्री दोन वाजता दार ठोठावलं तरी. पण त्या दुकानापायी तुमच्या आत्याची दोन स्थळं मोडली, हेही तुम्ही सांगितलंत. ज्यांनी उधारीवर सामान नेलं तेच लोक चांगल्या कामाला निघताना तुमच्या दारावरून जायचं टाळत. हे सांगताना तुमच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तुमच्या स्वतःच्या काळाबद्दल तुम्ही फार थोडं बोललात. कोरोनात सख्खी माणसं लांब उभी असताना तुम्ही आणि तुमचा मुलगा किट घालून अंत्यसंस्कार करत होता, हे मला वाडीतल्यांनी सांगितलं. त्यातच 16 मे 2021 ला तौक्ते आलं. झाडं आडवी, रस्ते बंद, वीज नाही. तेव्हा तुम्ही करवत घेऊन रस्ते मोकळे करत शववाहिका नेलीत, आणि पडलेले आंबे-फणस फोडून पुढच्या पावसाळ्याचा वाटा भरलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पडवीत बसून तिरडी बांधलीत. कोयत्याने कळक उभा चिरलात, त्याच्या कांबी दोन लांब बांबूंवर आडव्या टाकल्यात. काथ्या आधी पाण्यात बुडवून घेतलात आणि प्रत्येक गाठ अंगठ्याने दाबून पाहिलीत. वर पेंढा पसरल्यावर तळहात फिरवून टोचणाऱ्या काड्या उपटून काढल्यात. बाबांना आता काही टोचणार नव्हतं. पण तुम्ही त्या काढल्यात, म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

निघताना भावकीतले कुणीतरी म्हणाले, बायकांनी घरीच थांबावं. तुम्ही माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "बाय, तुका येवचा असात तर चल." पुढे कुणी बोललं नाही. मी आले. स्मशानातल्या शेडमध्ये पावसाची झड आत येत होती. तुम्ही तळाला नारळाची सोडणं आणि गोवऱ्या घातल्यात, वर आठ मण कोरडा आंबा, म्हणजे जवळपास 300 किलो. दादाने अग्नी दिला आणि सरण एकदाच पेटलं. तुमच्या आजोबांना त्यांच्या आईसाठी जे करता आलं नाही ते माझ्या बाबांना मिळालं.

नंतरचंही सांगायला हवं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा, डॉक्टरांचा दाखला जोडा, आणि नाव आधार कार्डावर आणि सातबाऱ्यावर आहे तसंच आहे ना ते सही करायच्या आधी वाचा, असं तुम्ही दादाला बजावलंत. बाबांच्या नावात आधारवर एक अक्षर वेगळं निघालं. ते तिथेच सापडलं म्हणून आईची पेन्शन आणि वारस नोंद अडली नाही.

माझ्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर काढलंय, मालवणातच. पत्रिका छापून आल्या की कुलदेवतेपुढे एक ठेवायची आणि दुसरी तुमच्याकडे, असं आईनेच ठरवलंय. वहिनी, मुलगा, सून, सगळ्यांनी यायचं. पंगतीला बसायचं आणि आदल्या दिवशी हळदीलाही यायचं. आत्या आहेत ना अजून? त्यांना आणायला मी स्वतः गाडी घेऊन येईन.

तुमची,
मास्तरांची थोरली